बंद पडलेलं स्ट्रेट-एट इंजिन पुन्हा सुरू करताना: आठव्या सिलिंडरकडून सुरुवात करा

नवी बॅटरी आणायची, कार्बोरेटरमध्ये झाकणभर पेट्रोल ओतायचं, सेल्फ मारायचा. इंजिन धुराचा लोट सोडून सुरू होतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि आठवड्याभरात मागच्या बाजूने रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, ठोकायला लागतो. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता लिहून ठेवणंच बरं.

चार सिलिंडरच्या जुन्या गाडीत ही घाई कधीकधी खपून जाते, स्ट्रेट-एटमध्ये खपत नाही. त्याचं कारण लांबी. आठ सिलिंडर एका ओळीत, त्यांच्याखाली एकच लांब क्रँकशाफ्ट. पाण्याचा पंप पुढच्या टोकाला. तेल, पाणी आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण सगळ्यात लांबच्या सिलिंडरला नीट पोचलं, तरच इंजिन निरोगी म्हणायचं. नुकसान नेहमी टोकाला होतं, आणि आपण तपासतो जवळचं, हाताला सहज लागतं ते. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात मागच्या टोकाला काय चाललंय ते आधी बघा.

उदाहरण म्हणून मी 1930 आणि 40 च्या दशकांतलं ब्युइकचं 248 घनइंचांचं, म्हणजे साधारण 4.1 लिटरचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन घेतलंय. पॅकार्ड आणि पाँटिऍकचे स्ट्रेट-एट फ्लॅटहेड आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये बाजूला असतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो.

## तयारी

त्या वर्षाचं, त्या मॉडेलचं शॉप मॅन्युअल आधी मिळवा. छापील नसेल तर स्कॅन केलेली प्रत चालेल, पण त्याशिवाय पाना उचलू नका. बाकी हवं ते असं: इंचातले पाने आणि सॉकेट (मिलिमीटरचे पाने घालून बोल्टची डोकी गोल करू नका), फिलर गेज, टॉर्क पाना, कॉम्प्रेशन गेज, लेझर थर्मामीटर, प्लगच्या भोकातून आत जाईल असा छोटा कॅमेरा, पेट्रोलसाठी स्वच्छ कॅन, आणि आग विझवायचं सिलिंडर. वहीत 1 ते 8 असे रकाने आखून ठेवा. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक सिलिंडरची नोंद करायची आहे.

वेळ किमान तीन आठवडे धरा. पावसाळ्यात हे काम काढू नका; उघड्या सिलिंडरच्या भिंतींवर दोन दिवसांत तांबूस पापुद्रा येतो.

इशारा: या काळातल्या ब्युइकमध्ये सेल्फचं वेगळं बटण नसतं. किल्ली चालू असताना ऍक्सिलरेटर दाबला की सेल्फ फिरतो. कुणी सहज गाडीत बसून पाय टेकवला आणि तुमचा हात पंख्याजवळ असला, तर बोटं जातील. टप्पा 9 येईपर्यंत बॅटरी गाडीत ठेवूच नका.

## टप्पा 1: काहीही न फिरवता बघून घ्या

प्लगच्या वायरींना नंबर लावा, डिस्ट्रिब्युटर कॅपचा फोटो घ्या आणि मगच वायरी काढा. प्लगभोवतीची धूळ ब्रशने आणि हवेने साफ केल्याशिवाय प्लग सोडवू नका, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. काढलेले प्लग खोक्यात त्याच क्रमाने मांडा.

आता कॅमेरा आत घाला. इंजिन कुठेही थांबलेलं असलं तरी आठपैकी निदान निम्म्या सिलिंडरांचा एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा असतोच. त्याच वाटेने इतकी वर्षं दमट हवा आत जात राहिली. म्हणजे गंज सगळीकडे सारखा नसतो, तो ठरावीक सिलिंडरांत असतो. कोणत्या, ते वहीत लिहा.

एका पडवीत बरीच वर्षं उभी असलेली ब्युइक आम्ही उघडली होती. पहिले सहा सिलिंडर बघून आम्ही खूश. तेल अजून भिंतींवर चमकत होतं. सातवाही ठीक. आठव्यात कॅमेरा गेला आणि पडद्यावर विटेच्या चुऱ्यासारखा लाल थर दिसला, पिस्टनच्या डोक्यावर गोल डाग, मधे पाणी साचून सुकल्याची कडा. सायलेन्सर पाईपमधून आलेली ओल एका उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून तिथे उतरली होती. पुढचेच दोन-तीन प्लग काढून ‘इंजिन फ्री आहे’ म्हटलं असतं, तर पहिल्याच फेऱ्यात तिथल्या रिंगा तुटल्या असत्या.

## टप्पा 2: सिलिंडर भिजवा

गंज सोडवणारं तेल प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे सोडा. बाजारातलं पेनिट्रेटिंग ऑइल चालतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ऍसिटोन निम्मं-निम्मं मिसळलेलं मिश्रणही चांगलं उतरतं. मात्र ते ज्वालाग्राही आहे, जवळपास ठिणगी नको, आणि त्यातलं ऍसिटोन उडून जातं म्हणून दर दोन दिवसांनी पुन्हा घाला.

सगळ्या आठ सिलिंडरांत घाला, फक्त गंजलेल्यात नाही. रोज संध्याकाळी पातळी बघा. जिथे तेल खाली झिरपतंय तिथे रिंगांना वाट मिळतेय. जिथे जसंच्या तसं उभं आहे, तो सिलिंडर अडकलेला.

आठ-दहा दिवस जाऊ द्या. तोवर खालचं काम करून घ्या.

## टप्पा 3: चेंबर उतरवाच

लोक सर्वांत जास्त टाळतात तो हा टप्पा, आणि बेअरिंग जातात तीही इथेच.

त्या काळच्या तेलात मळ धरून ठेवणारी डिटर्जंट द्रव्यं नव्हती. मळ खाली बसायचा. इतक्या वर्षांत तो चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी काळ्या लोण्यासारखा घट्ट होतो, बोटभर जाड. आजचं डिटर्जंट तेल वर ओतलं की हा थर सुटतो आणि तेलपंपाच्या जाळीत जाऊन बसतो. पुढच्या बेअरिंगना कसंबसं तेल मिळतं, टोकाच्यांना नाही. नुसतं तेल बदलून हा थर जात नाही. ड्रेन प्लगमधून पातळ तेल निघून जातं, लोणी तिथेच राहतं.

चेंबर उतरवा, रॉकेलने धुवा, जाळी काढून साफ करा. धुण्याआधी तळातला गाळ पांढऱ्या कपड्यावर पसरून उन्हात धरा. चकचकीत रुपेरी कण किंवा पापुद्रे दिसले, तर व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ धातू, सुटतंय. या काळातल्या बहुतेक ब्युइकमध्ये रॉडच्या मोठ्या डोक्यात व्हाइट मेटल थेट ओतलेलं असतं, आज मिळतात तसे बदलायचे शेल नसतात. ते फुटलं तर नव्याने ओतून बोअर करून घ्यावं लागतं, आणि ते काम नीट करणारे कारागीर फार थोडे उरलेत.

खालून प्रत्येक रॉड हाताने वर-खाली हलवून बघा. वर-खाली खडखड जाणवायलाच नको. शाफ्टच्या दिशेने किंचित सरकला तर चालतं. शंका आली तर सात आणि आठ नंबरचे कॅप उतरवून प्लास्टिगेजने, म्हणजे चेपला की फट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्याने, फट मोजा. कॅपखाली पातळ पत्र्याचे शिम असतात, ते ज्या बाजूचे त्याच बाजूला, तितकेच परत बसले पाहिजेत. एक जरी इकडचा तिकडे झाला तरी बेअरिंग आवळलं जाईल.

पंप उतरवलाच आहे तर त्याच्या गिअरमध्ये व्हॅसलीन भरून बसवा. कोरडा पंप हवाच फिरवत राहतो, तेल ओढत नाही. व्हॅसलीन तेलात विरघळून जातं.

हडसनच्या स्ट्रेट-एटमध्ये रॉडना दाबाने तेल मिळत नाही, खालच्या तबकांतून शिंपडून मिळतं. तिथे चेंबर बसवण्याआधी ही तबकं साफ करून तेलाने भरा.

तपासा: नवं पॅकिंग बसवून, चेंबर लावून, मॅन्युअलमध्ये दिलेलं तेल भरलं? आपल्याकडच्या उन्हात मी 20W-50 मिनरल तेल वापरतो. सिंथेटिक नको, जुन्या दोरीच्या सीलमधून ते बाहेर येतं.

## टप्पा 4: हाताने फिरवा

व्हॉल्व्ह कव्हर काढा. रॉकर, पुशरॉडची टोकं, व्हॉल्व्हच्या दांड्या, सगळीकडे तेल सोडा. गाडी न्यूट्रलमध्ये, प्लग बाहेर. आता क्रँकच्या पुढच्या नटवर लांब पाना लावून इंजिन फिरण्याच्या दिशेने हलक्या हाताने दाब द्या.

पाव इंच हललं तरी पुरे. उलट थोडं मागे घ्या, परत पुढे. सिलिंडरमधलं तेल आत-बाहेर खेळू द्या. अजिबात हललं नाही तर पान्याला पाईप जोडून ताकद लावू नका. चार दिवस आणखी भिजवा.

इशारा: सेल्फने झटका देऊन, किंवा गिअरमध्ये टाकून गाडी ओढून अडकलेलं इंजिन सोडवू नका. इतक्या लांब क्रँकला एका टोकाने पीळ बसतो, आणि मधला पिस्टन अडकलेला असेल तर रॉड वाकतो.

फिरायला लागलं की नजर रॉकरवर ठेवा. सोळाही व्हॉल्व्ह खाली गेले तसे वर आले पाहिजेत. एखादा खालीच राहिला आणि त्याचा रॉकर सैल लोंबला, तर लगेच थांबा. पुढे फिरवलं तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकेल किंवा पुशरॉड वाकेल. त्या दांडीवर तेल सोडून, एक दिवस थांबून, लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्या. फ्लॅटहेडमध्ये पिस्टन धडकायची भीती नाही, पण अडकलेला व्हॉल्व्ह सहज दिसतही नाही. बाजूचं झाकण काढून स्प्रिंगा बघाव्या लागतात.

दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की कॉम्प्रेशनची नोंद आत्ता नको. रिंगांत तेल भरलेलं असताना आकडे खोटे येतात.

## टप्पा 5: टॅपेट, आणि नऊची बेरीज

चार सिलिंडरच्या सवयीचे फिटर इथे गोंधळतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-6-2-5-8-3-7-4 आहे. क्रँकची रचना अशी की 1 आणि 8, 2 आणि 7, 3 आणि 6, 4 आणि 5 हे पिस्टन जोडीने वर येतात. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ.

म्हणून ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट बंद होतोय आणि इनटेक नुकताच उघडतोय, त्याचा नंबर नऊमधून वजा करा. येईल त्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट तेव्हा भरायचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट फिलर गेजने मोजून लावायची. आठचे व्हॉल्व्ह हलताहेत, तर एकचे भरा. मग पाव फेरा फिरवा: तीनचे हलतील, सहाचे भरा. असे आठ पाव फेरे, म्हणजे क्रँकचे दोन पूर्ण फेरे, की सोळा व्हॉल्व्ह झाले. एकही सुटत नाही.

ब्युइकचं माप गरम इंजिनवर 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिलिमीटर. आत्ता इंजिन थंड आहे, म्हणून मी तात्पुरतं 0.018 ठेवतो आणि गरम झाल्यावर पुन्हा घेतो. टॅपेटचा थोडा आवाज आला तरी हरकत नाही, पण घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

## टप्पा 6: पाणी मागपर्यंत पोचतंय का

रेडिएटर धुतला म्हणजे पाण्याचं काम झालं, ही समजूत सोडा. ब्लॉकमधला गंज आणि ओतकामाची जुनी माती वाहत जाऊन सात आणि आठ नंबरच्या सिलिंडरभोवती बसते. पुढचा रेडिएटर गार, टेंपरेचरचा काटा मधे, आणि मागचे दोन सिलिंडर कोरड्या चिखलात भाजत असतात.

ड्रेन कॉक काढा. बहुतेक वेळा त्यातून थेंबही येत नाही; तारेने खुपसल्यावर तपकिरी गाळ निघतो. ब्लॉकच्या बाजूचे डॉलर, म्हणजे पाण्याच्या वाटेवरची भोकं बंद करणाऱ्या गोल पत्र्याच्या चकत्या, काढा, मागचा आधी. वाकवलेल्या तारेने आणि पाण्याच्या जोराने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. रेडिएटर तेव्हा जोडलेला नको, नाहीतर सगळा गाळ त्याच्या नळ्यांत जाईल. डॉलर नवे पितळी बसवा.

पॅकार्ड आणि पाँटिऍक फ्लॅटहेडमध्ये ब्लॉकच्या आत एक लांब भोकांची नळी असते. पंपाचं पाणी मागच्या व्हॉल्व्हपर्यंत नेणं एवढंच तिचं काम. ती गंजून कुजते आणि पाणी पुढेच वळून परत येतं. पंप उतरवला की ती हुकाने ओढून काढता येते. तुकड्यांत निघाली तर नवी बनवून घ्या, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

कूलंट नंतर भरा. पहिल्या दिवशी साधं स्वच्छ पाणी, म्हणजे गळती सापडते.

## टप्पा 7: पेट्रोल

गाडीची टाकी आत्ता वापरायचीच नाही. बाहेरच्या कॅनमधून नळी घ्या, मधे फिल्टर लावा.

मेकॅनिकल पंपाचा रबरी पडदा जुना असेल तर तो धडधाकट दिसला तरी बदला. पंपावर मिळणाऱ्या आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि जुनं रबर, कॉर्क, लाखेचा लेप, या कशालाच ते मानवत नाही. पडदा फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं, तेल पातळ होतं, आणि टप्पा 3 ची सगळी मेहनत वाया जाते. पडदा मागवताना इथेनॉल चालणारा, असं स्पष्ट विचारून घ्या.

कार्बोरेटर उघडून डिंक साफ करा. इलेक्ट्रिक पंप बसवणार असाल तर दाब 3 ते 4 पीएसआयच्या वर नको. जास्त झाला तर नीडल बसत नाही आणि पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडतं.

## टप्पा 8: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड

लहानसं काम, पण महाग चूक. पाऊण मीटर लांबीचं बीड 400 अंश तापलं की साधारण तीन मिलिमीटर वाढतं. ब्युइकचं मॅनिफोल्ड म्हणूनच तुकड्यांत आहे, तुकडे एकमेकांत सरकतात. ते सांधे गंजून धरले असतील किंवा नट करकचून आवळले असतील, तर वाढायला जागा मिळत नाही आणि टोकाचा कान तुटतो. सांधे मोकळे करा, रुंद वॉशर वापरा, मॅन्युअलमधल्या टॉर्कच्या वर अजिबात जाऊ नका.

## टप्पा 9: वीज

गाडी 6 व्होल्टची आहे. त्याच कामाला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. आजच्या गाडीची बारीक केबल लावली की सेल्फ कण्हत फिरतो आणि दोष बॅटरीला जातो. 50 ते 70 स्क्वेअर मिलिमीटरची केबल घ्या, आणि अर्थची केबल चासीला न लावता थेट इंजिनवर, सेल्फच्या बोल्टजवळ न्या. पॅकार्डमध्ये पॉझिटिव्ह बाजू अर्थला असते. तुमच्या गाडीत कोणती, ते मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा.

डिस्ट्रिब्युटरमधले करंट तोडणारे पॉइंट साफ करून 0.015 इंच गॅप ठेवा. टायमिंगची खूण ब्युइकमध्ये पुलीवर शोधू नका, ती फ्लायव्हीलवर आहे. बेल हाउसिंगच्या छोट्या खिडकीतून दिसते. खडूने पांढरी करून ठेवा.

तपासा: एक नंबर कॉम्प्रेशनला वर आहे की आठ? दोन्ही पिस्टन वर असतात आणि फ्लायव्हीलची खूण दोन्ही वेळा दिसते. एकच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून फिरवा. हवा अंगठा ढकलेल तो बरोबर फेरा. इथे चुकलं तर आठही वायरी 180 अंश उलट्या बसतात आणि इंजिन कार्बोरेटरमधून भडका मारतं.

## टप्पा 10: आधी तेलाचा दाब, मग करंट

प्लग अजून बाहेरच. कॉईलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर सोडा. दहा सेकंद सेल्फ, एक मिनिट विश्रांती. तीन-चार वेळात तेलाचा काटा हलला पाहिजे. नाही हलला तर गेजची नळी सैल करून तेल येतंय का बघा. तिथेही कोरडं असेल तर प्लग लावू नका. ‘सुरू झाल्यावर येईल दाब’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दाब आल्यावर सगळ्यात मागच्या रॉकरकडे बघा. वर तेल नेणारी वाट अरुंद आहे, ती तुंबते. पुढचे रॉकर ओले आणि मागचे कोरडे असतील, तर रॉकर शाफ्ट काढून, दोन्ही टोकं उघडून, आतून तारेने साफ करा.

## टप्पा 11: सुरू करा

गाडी उघड्यावर, माणसं दोन. एक किल्लीजवळ, नजर तेलाच्या काट्यावर. दुसरा इंजिनजवळ, आग विझवायचं सिलिंडर हाताशी.

सुरू झालं की रेस करू नका. दहा सेकंदांत दाब नसेल तर बंद. दाब असेल तर दोन-तीन मिनिटं मंद चालवून बंद करा, गळती बघा, तेलाची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा गेला.

दुसऱ्या वेळी पंधरा मिनिटं चालवा. लेझर थर्मामीटरने हेडचं तापमान एक नंबरजवळ आणि आठ नंबरजवळ मोजा. मागचं टोक दहा-पंधरा अंशांहून जास्त गरम असेल, तर टप्पा 6 अपुरा राहिलाय. कुठून जोराचा ठोका आला, तर एकेका प्लगचा करंट तोडून बघा. ज्याचा तोडल्यावर ठोका मंदावतो, तिथला रॉड.

क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरवर आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून एकच सरळ रेघ मारून ठेवा. बंद केल्यावर रेघ तुटलेली दिसली तर मधलं रबर सुटलंय. लांब क्रँकची थरथर तोच पितो, त्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

## टप्पा 12: पहिल्या शंभर किलोमीटरांत

गरम इंजिनवर टॅपेट पुन्हा, या वेळी 0.015 वर. वीसेक किलोमीटर चालवून प्लग काढा आणि त्याच क्रमाने मांडा. एक आणि आठ पांढरे, मधले तपकिरी, असं दिसलं तर कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, बदलायला धावू नका. मॅनिफोल्डच्या टोकाच्या पॅकिंगमधून हवा आत शिरतेय. आधी ती थांबवा. आठही सारखेच पांढरट असतील तर मात्र इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतंय, जेट किंचित मोठा लागेल.

कॉम्प्रेशन आता मोजा आणि वहीतल्या पहिल्या पानाशी ताडून बघा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा यांत वीस टक्क्यांहून जास्त फरक नको. आमच्या त्या पडवीतल्या ब्युइकचा आठवा सिलिंडर पहिल्या दिवशी बराच मागे होता, दोनशे किलोमीटरनंतर रिंगा मोकळ्या होऊन बाकीच्यांच्या जवळ आला. म्हणून एका आकड्यावर हेड उतरवू नका, महिन्याने पुन्हा मोजा.

शंभर किलोमीटरला तेल बदला, काळं दिसो वा न दिसो. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवायची सवय सोडा. तेवढ्यात इंजिन तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि चेंबरमध्ये साचतं. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा. नाहीतर सिलिंडरांत तेल सोडून, कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड तेलकट कापडाने बंद करून ठेवा, आणि त्या कापडाची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा.